नळी साफ करून बघावी

वर्तकनगरच्या घरात बसून मी पृथ्वीच्या पार उत्तर टोकाकडच्या जंगलांवरची हवा चालवते. चालवते ती अर्थात कॉम्प्युटरवर. ती जंगलं मी पाहिलेली नाहीत आणि थंडीचा मला मनापासून तिटकारा आहे, त्यामुळे पाहायची घाईही नाही. नातेवाइकांना मी ‘हवेचं काम’ एवढंच सांगते. मग ते एसीच्या गॅसबद्दल विचारतात.

काम असं आहे. समुद्रावरून हवेचा एक लोट निघतो. त्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक कण असतात. हा लोट दोन-तीन दिवस पाइनच्या जंगलावरून सरकत जातो. झाडं वास सोडत असतात. त्या वासातली वाफ उन्हात बदलते, जड होते आणि कणांवर बसते. कण वाढत जातात. पुरेसे मोठे झाले की त्यांच्यावर ढगाचे थेंब धरतात. किती तास जंगलावर काढले की कण केवढा होतो, हे माझा प्रोग्राम सांगतो.

तो खरं सांगतो का, हे पाहायला तिकडे एक मुलगी होती. पीएच.डी. करत होती. जंगलातल्या एका उंच मनोऱ्यावर तिचं यंत्र होतं. ते नळीतून हवा ओढायचं आणि कण मोजायचं. तिकडचा उन्हाळा आपल्या गणपतीच्या सुट्टीसारखा, आला म्हणेपर्यंत संपतो. त्या एका उन्हाळ्याच्या मोजमापावर तिचा प्रबंध उभा राहायचा होता. दुसरा उन्हाळा तिला मिळणार नव्हता, हे तिने पहिल्याच कॉलवर सांगितलं होतं.

तिचे आकडे आणि माझे आकडे शेजारी ठेवले तेव्हा तिचे कण मोठे निघाले. सकाळी फारसा फरक नव्हता, संध्याकाळनंतर मात्र दोन्ही रेषा फटकून वागायच्या. तिने लिहिलं, ‘मला वाटतं कण खरोखरच मोठे आहेत.’ मी तिला आणि तिच्या प्राध्यापकांना उत्तर पाठवलं, ‘मॉडेल तपासलेलं आहे. नळीत ओल धरून कण फुगत असावेत. नळी साफ करून बघावी.’

माझ्या कामात चुका नसतात असा माझा लौकिक आहे, आणि तो पसरवण्यात माझाही हातभार आहे.

तिने नळी साफ केली. त्यासाठी यंत्र बंद ठेवावं लागतं, म्हणजे तेवढे दिवस गेलेच. आकडे तसेच आले. मी पुन्हा तेच लिहिलं. तिने नळी बदलली, हवा कोरडी करायची डबी बदलली, पुन्हा धुतलं. हळूहळू तिच्या मेलमधलं ‘मला वाटतं’ नाहीसं झालं. नुसते आकडे यायचे आणि खाली, ‘तुम्ही सांगाल तसं.’ मला तेव्हा ते समजूतदारपणाचं लक्षण वाटलं होतं. शेवटी प्राध्यापकांनी कळवलं की ही मोजमापं विश्वासार्ह नाहीत, प्रबंधात घेऊ नयेत.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी माझे वडील माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. ते माझ्याकडेच असतात. खाडीकाठी आमचं मिठागर होतं; तिथे आता टॉवर आहेत, पण उन्हात मिठाचा दाणा धरताना बघण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. स्क्रीनवर चढत जाऊन सातला आडवी होणारी रेषा काय आहे, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, कण कसा वाढतो ते. त्याला ऊन लागतं.

“न मंग सातला कनी थांबवला?”

“संध्याकाळ होते ना, आबा.”

“तिकरं ऊन कवापरत र्‍हातं गो?”

मिठागरवाल्याचा हा पहिला प्रश्न असतो. तिकडे जूनमध्ये ऊन कुठवर राहतं ते मला चांगलं माहीत होतं. त्या मुलीने रात्री अकराचा जेवणाचा फोटो पाठवला होता, टेबलावर लख्ख ऊन, आणि मी त्यावर अंगठ्याचं चिन्ह टाकून पुढच्या मेलकडे वळले होते.

प्रोग्रामचा तो भाग मी विद्यार्थी असताना लिहिलेला, ठाण्याहून कल्याणकडे सरकणाऱ्या धुरासाठी. आपल्याकडे दिवस वर्षभर फार हलत नाही. सकाळी साडेसहा, संध्याकाळी सात, असे दोन आकडे मी कायमचे ठोकून दिले होते. नंतर जंगल बदललं, झाडं बदलली, तापमान बदललं, पण माझ्या हवेत दिवेलागण वर्तकनगरच्या वेळेलाच होत राहिली. मी तिकडून आलेलं सगळं तपासलं होतं. इथलं तपासायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

ते दोन आकडे काढून तिकडचा सूर्य बसवला. रेषा जाऊन तिच्या रेषेवर बसली. मला आनंद व्हायला हवा होता. मी तिचा ‘मला वाटतं’वाला मेल पुन्हा उघडला.

दुसऱ्या दिवशी मी तिला कॉल केला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, चूक माझी होती, प्राध्यापकांनाही कळवलंय, मोजमापं प्रबंधात परत घेता येतील. ती चिडेल अशी तयारी मी ठेवली होती. ती एवढंच म्हणाली, “म्हणजे मी बरोबर मोजत होते.”

“हो.”

“पहिल्या दिवसापासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

मग तिने सांगितलं की तिने पीएच.डी. सोडली आहे, कागद मागच्याच आठवड्यात दिले. आकडे खुशाल वापरा म्हणाली. मी घाईघाईने बोलायला लागले, कागद मागे घेता येतील, मी स्वतः प्राध्यापकांशी बोलते, प्रबंध आता उत्तम होईल. तिने मला पूर्ण बोलू दिलं.

“परवा माझ्या भाचीला ताप आला,” ती म्हणाली. “मी थर्मामीटर चार वेळा धुतला. बहीण म्हणाली, अगं, तिच्या कपाळाला हात लावून बघ. मी लावला. मला तरी खात्री वाटेना.”