यादी उरते, कशाची ते पुसलं जातं

नारायणराव रोज आपल्या मुलीची वाट बघत, आणि ती मुलगी त्यांच्या शेजारीच बसून मेथी निवडत असे. ‘आमची अनुया अजून आली नाही,’ असं ते तिलाच सांगत. ती म्हणे, बाबा, मीच अनुया. त्यावर ते मान डोलवत, पाहुण्याने काहीतरी भलतंच सांगितलं तर आपण भिडेखातर डोलवतो तशी, आणि पुन्हा जिन्याच्या दाराकडे बघत बसत.

झाशीतला मराठी माणूस म्हटलं की लोकांना किल्ल्याच्या आसपासची जुनी घराणी आठवतात. रेल्वेवाल्यांना कुणी मोजत नाही. नारायणराव भुसावळहून तरुणपणी इथे आले, स्टेशनच्या पार्सल ऑफिसात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. सीपरी बाजारात एका भांड्यांच्या दुकानावर त्यांनी घर घेतलं. खाली दिवसभर ऑटोवाल्यांची हमरीतुमरी चाले आणि वर नारायणराव संध्याकाळी मोठ्याने स्तोत्रं म्हणत. दोन्ही बाजूंनी कधी तक्रार झाली नाही.

अनुया त्यांची एकुलती एक. चाळिशी ओलांडलेली, लग्न न केलेली. का नाही केलं असं विचारायला येणाऱ्यांना ती चहा पाजून वाटेला लावी. बारा-तेरा वर्षं पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. आई गेली तेव्हा परत आली आणि तेच काम घरून करू लागली. पाठोपाठ बाबांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग दूधवाल्याचं नाव, मग शेजारी. सगळ्यात शेवटी ती. म्हणजे अनुया नावाची मुलगी आहे हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं. समोरची बाई म्हणजे ती, एवढंच काय ते जुळत नव्हतं.

कधी ते तिला पार्सल ऑफिसच्या खिडकीवर आलेलं गिऱ्हाईक समजत आणि अदबीने पावती मागत. बहुतेक वेळा ती त्यांची मोठी बहीण असे, भुसावळची कमळाबाई, जिला जाऊन दोन तपं लोटली. ‘अक्का, पोरगी अजून घरी आली नाही गं,’ असं म्हणताना त्यांचा आवाज इतका काकुळतीला येई की अनुयाला तिथून उठून जावंसं वाटे. तिला बापाकडून फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, त्यांनी तिच्याकडे बघून तिला हाक मारावी, एवढंच हवं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसेंदिवस हे कमीच होत जाणार. त्या एका हाकेसाठी तिचा जीव अक्षरशः टांगणीला लागला होता.

आता तिच्या कामाबद्दल सांगायला हवं, आणि कंटाळू नका, सोपं आहे. कंपनीची स्वतःची एक छोटी प्रोग्रामिंग भाषा होती, दवाखान्यांचे प्रोग्रॅम लिहिण्यासाठी बनवलेली. त्या भाषेत यादी करायची तर कशाची ते लिहावं लागे. औषधांची यादी, पेशंटांची यादी. प्रोग्रॅम तयार होत असताना यंत्र मोठ्या कडकपणे तपासून घेई. औषधांच्या यादीत पेशंट शिरला की अडवलाच. पण एकदा प्रोग्रॅम तयार झाला की ‘औषधांची’ आणि ‘पेशंटांची’ हे शब्द ते पुसून टाकी, ओझं कमी म्हणून. पुढे प्रोग्रॅम चालू असताना त्याला एवढंच कळे की हातात यादी आहे. कशाची, ते विचारायची सोय नाही. साठवून ठेवलेली यादी पुन्हा उघडली की सगळा अंदाजपंचे कारभार.

चालत्या प्रोग्रॅमलाही ही ओळख राहावी, असं काम निघालं. किचकट होतं, नावलौकिक मिळण्याजोगं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी हात झटकले आणि ते झाशीला आलं. जोडीला पुण्याहून पराग होता, हुशार आणि उतावळा. त्याने तोडगा काढला की यादीतली पहिली वस्तू उघडून बघायची आणि त्यावरून ओळखायचं. अनुयाने त्याला विचारलं, यादी रिकामी असली तर? औषधांची रिकामी यादी आणि पेशंटांची रिकामी यादी समोरासमोर ठेवली तर ब्रह्मदेवालाही फरक सांगता यायचा नाही. पराग दुसरा तोडगा शोधायला लागला.

बाबांच्या बाबतीत मात्र ती परागसारखंच वागत होती, आणि हे तिच्या ध्यानात येत नव्हतं. त्यांच्यासमोर ती फोटो ठेवी, दतिया गेटजवळच्या आपल्या शाळेच्या गोष्टी सांगे, आईच्या हातचं वरणफळ करून वाढी. वरणफळ आवडीने संपे. आणि हे सगळं ती शुद्ध, सुरेख मराठीत करी.

त्या मराठीचीही एक कथा होती. झाशीतल्या मराठी घरांत आईबाप मराठीत बोलतात आणि मुलं हिंदीत उत्तर देतात. कुणाचं काही अडत नाही. अनुयाही तशीच वाढली. मराठी तिला सगळं कळे, पण तोंडातून निघे ते ‘हाँ बाबा’ आणि ‘अभी आई’. पुण्यात गेल्यावर तिच्या मराठीची यथेच्छ थट्टा झाली. मग ती इरेला पेटली आणि जिद्दीने शिकली. बाबांनी जन्मभर जे मागितलं आणि आपण दिलं नाही, ते आता त्यांना द्यायचं, अशा मनाने ती घरी परतली होती. घरात हिंदीचा शब्द काढायचा नाही, हा तिने स्वतःला घातलेला नियम. बाबांना सांभाळायला येणाऱ्या सुनीताशीही ती हिंदीत बोले ते स्वयंपाकघरात, दार लोटून. सुनीता एकदा म्हणाली होती, ‘दीदी, बाबूजी से भी ऐसे ही बोलो न, अच्छा लगता है.’ अनुयाने ते कानाआड केलं.

फाल्गुनातल्या एका दुपारी परागशी फोनवर हेच चाललं होतं. नंतर ओळखायचा नाद सोड, असं ती त्याला समजावत होती. यादी जिथे जन्मते तिथेच, पहिल्या क्षणी, तिच्यासोबत एक खूण द्यायची, ही अमक्याची म्हणून. ती खूण यादी जाईल तिथे तिच्याबरोबर जाईल. आपण मागाहून कितीही छान लेबल चिकटवलं तरी ते आपलं लेबल, त्या यादीचं नव्हे. परागला पटलं. बोलता बोलता तिची नजर बाहेरच्या खोलीकडे गेली. बाबांची खुर्ची रिकामी होती आणि जिन्याचं दार सताड उघडं होतं. सुनीता गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

नारायणराव निम्मा जिना उतरले होते. पायांत चपला दोन वेगवेगळ्या, एक हात कठड्यावर. खाली रस्त्यावर ऑटोंची रीघ लागलेली. अनुया दाराकडे धावली. नियम, शुद्ध मराठी, सगळं तिच्या डोक्यातून गेलं आणि ती वरूनच ओरडली, ‘बाबा, कहाँ जा रहे हो? मैं घर पर ही हूँ!’

ते थांबले. वळून वर बघितलं.

‘अगं अनुया,’ ते म्हणाले, ‘कधी आलीस? मी तुलाच बघायला निघालो होतो.’

ती धावत उतरली आणि त्यांचा हात घट्ट धरला. तिला रडू आवरेना. इतकी वर्षं जमवलेली सगळी मराठी तिच्या ओठांवर गोळा झाली, आणि ती म्हणाली, ‘मी केव्हाचीच आले आहे, बाबा. तुमच्याजवळच होते.’

त्यांच्या चेहऱ्यावरची ओळख तिच्या डोळ्यांदेखत विझली. ते कसनुसं हसले. ‘अक्का,’ ते हळूच म्हणाले, ‘आत्ता इथे होती गं. कुठे गेली?’

अनुया पायरीवर मटकन बसली. सुनीताचं बरोबर होतं. ज्या मुलीची ते वाट बघत होते, ती त्यांच्याशी कधी मराठीत बोललीच नव्हती. त्यांच्या घरात मराठी बोलणारी बाई म्हणजे आई किंवा अक्का. लेक ती, जी हिंदीत उत्तर देते. जन्मापासून तिच्याबरोबर आलेली खूण ती हिंदीच होती, आणि ती पुसायलाच अनुयाने पुण्यात जिवाचं रान केलं होतं. या म्हाताऱ्या माणसासाठी हौसेने जमवलेलं धन त्यालाच देता येणार नव्हतं, याचं तिला इतकं दुःख झालं की क्षणभर तिने भिंतीला डोकं टेकलं. मग पदराने डोळे पुसले.

‘बाबा, आ गई मैं,’ ती म्हणाली.

‘आलीस होय!’ नारायणराव तिच्याशेजारी पायरीवर टेकले. बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांना आपलं जुनं गाऱ्हाणं आठवलं. ‘घरात तरी मराठीत बोलत जा गं, अनुया. एवढं एक वाक्य तरी बोल. म्हण, मी घरी आले.’

हे वाक्य ती झोपेतसुद्धा बिनचूक म्हणू शकली असती.

‘नहीं आता, बाबा,’ ती म्हणाली.

‘येईल, येईल. मी शिकवतो.’ त्यांनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून सांगितला. ‘मी. घरी. आले.’

‘मी घर आ गई,’ अनुया म्हणाली.

‘असं नाही,’ ते हसून म्हणाले. ‘पुन्हा म्हण.’

आणि तिने पुन्हा चुकीचं म्हटलं.