गेटबाहेरून ओरडायचं नाही

प्रतिमाचा पहिला तास नेहमी हसण्यावारीच जायचा. राजाजीनगरातल्या जनावरांच्या दवाखान्यात लोकांची कुत्री धरून ठेवण्यात जिचा अर्धा जन्म गेला, ती बाई आता पोलिसांना शिकवणार! अंगावर येणाऱ्या कुत्र्यापुढे गोळी न झाडता, लाठी न उगारता कसं निभवायचं, हे.

"मॅडम, कुत्र्याला सांगा ना, आम्ही कायद्याची माणसं आहोत म्हणून," कोणीतरी मागून म्हणायचं आणि हॉल हसायचा. प्रतिमाही हसायची. मग ती त्याच माणसाला पुढे बोलवायची आणि कोपऱ्यातल्या लोखंडी गेटमधून आत जायला सांगायची. तो सवयीने गेटवर लाठी आपटायचा. खण्ण!

"झालं," प्रतिमा म्हणायची. "आत जायच्या आधीच भांडण उकरून काढलंत."

त्यानंतर कोणी फारसं हसायचं नाही. लाठी खाली ठेवा. अंग तिरकं करा, डोळ्याला डोळा देऊ नका. पळू नका. हातात हेल्मेट असेल तर ते पुढे धरा, आणि कुत्र्याने ते तोंडात धरलं तर ओढू नका, देऊन टाका. आत गेल्यावर कुत्र्याकडे टक लावण्यापेक्षा त्याच्या वस्तू कुठे आहेत ते बघा. आणि एक गोष्ट ती पुन्हा पुन्हा बजावायची: गेटबाहेर जे उभे असतील त्यांनी तोंडातून आवाज काढायचा नाही. बाहेर कोणी किंचाळलं की कुत्र्याला वाटतं हल्ला झाला, आणि ते आतल्या माणसाला धरतं.

मागच्या तुकडीत तिचा हर्षही होता. नवाकोरा सब-इन्स्पेक्टर. आदल्या दिवशी जेवताना म्हणाला होता, "आई, तिथे मी तुझा कोणी नाही हं. मॅडमच म्हणणार."

"म्हण की. पण डबा विसरलास तर मॅडम आणून देणार नाहीत."

रविवारी दुपारी हर्षच्या ठाण्यातल्या इन्स्पेक्टर बसवंतांचा फोन आला तेव्हा ती चामराजपेटेत बहिणीकडेच होती. बसवंत घाईत होते. चामराजपेटेतच नरसिंगराव म्हणून एक म्हातारे गृहस्थ, एकटेच राहतात, अंगणात घसरून पडलेत. डोक्यातून रक्त जातंय. त्यांचं कुत्रं कोणाला जवळ फिरकू देत नाही. ॲम्ब्युलन्स दाराशी खोळंबलीय.

"मी फार वेळ थांबणार नाही, मॅडम. माणूस गेला तर कुत्रं वाचवलं म्हणून मला कोणी हार घालणार नाही."

दोन गल्ल्या ती जवळजवळ पळतच गेली. गल्ली माणसांनी भरली होती. गच्च्यांवरून लोक ओरडत होते, समोरच्या पायरीवर शेजारची अनुसूयाक्का स्टीलचं ताट बडवत होती. गेटपाशी बसवंत पिस्तुलाच्या होल्स्टरचं बटण काढून उभे. आत, हातात हेल्मेट घेऊन, पाठमोरा कोणीतरी तिरका उभा होता.

तिरका उभा होता म्हणूनच तिला कानशील दिसलं. हर्ष.

"कोणी पाठवलं ह्याला आत?"

"कोणीच नाही," बसवंत म्हणाले. "स्वतःच गेला. म्हणाला, मॅडमनी शिकवलंय."

प्रतिमाची हाक ओठांपर्यंत आली. बाहेर ये, बाळा, आत्ताच्या आत्ता बाहेर ये. तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला. पलीकडे तो तांबूस, थोराड कुत्रा मालकाच्या अंगावर पाय रोवून उभा होता. ताटाच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्याचे दात दिसत होते.

ती पायरीकडे वळली. "अक्का, ताट ठेवा खाली."

"अगं, ते पोरगं मरेल तिथे! कुत्र्याला हुसकायला नको?"

"तो माझा मुलगा आहे. ताट ठेवा."

अनुसूयाक्का ताट बडवायची थांबली. मग ताट मांडीवर पालथं घालून गच्च्यांकडे वळली, ओठांवर बोट ठेवून. "सुम्निरी, गप्प बसा रे सगळे! आई इथे उभी आहे त्याची."

आवाज एकेक करून विझत गेले. मागे कुणाचा तरी प्रेशर कुकर शिट्टी देत होता, तोही कोणीतरी बंद केला.

तेवढ्यात कुत्र्याने झेप घेतली. हेल्मेटवर दात आपटल्याचा आवाज गेटपर्यंत आला. शिपाई परसूची लाठी वर गेली. प्रतिमाने तिचं टोक दोन्ही हातांनी धरून खाली दाबलं. बसवंतांचं पिस्तूल बाहेर आलं होतं.

"सर, नको," ती कुजबुजली.

"तुमचा मुलगा आहे, आणि तुम्ही नको म्हणता?"

"दोघं एकमेकांना चिकटलेत. गोळी कोणाला लागेल, सांगू शकता?"

बसवंतांनी हात खाली केला नाही. पण बोटही हललं नाही.

आत हर्षने हेल्मेट सोडून दिलं. कुत्रा ते झटकत दोन पावलं मागे गेला, मग ते टाकून पुन्हा मालकापाशी जाऊन त्यांच्या कानापाशी चाटू लागला. हर्ष भिंतीकडे तोंड करून उकिडवा बसला. वर्गात ती म्हणायची, थांबा, त्याला ठरवू द्या. हे थांबणं बाहेरच्याला कसं वाटतं, ते तिला कुठे ठाऊक होतं! म्हाताऱ्यांच्या डोक्याखालचा ओला डाग पसरत होता. ॲम्ब्युलन्सचा माणूस घड्याळ बघत होता.

मग हर्षचा हात हळूच भिंतीवर चढला. न्हाणीशेजारच्या खिळ्याला कुत्र्याला फिरायला न्यायची साखळी टांगलेली होती. ती खाली येताना खुळखुळली.

कुत्र्याचे कान उभे राहिले. त्याने मालकाकडे पाहिलं, साखळीकडे पाहिलं. नरसिंगरावांची बोटं हलली. "भैरू," ते पुटपुटले, "जा." भैरू गुरगुरतच आला, पण आला, आणि रोजच्यासारखी मान पुढे केली. हर्षने कडी अडकवली, साखळी न्हाणीच्या कोयंड्यात ओवली, आणि मगच मागे हात हलवला. स्ट्रेचर आत धावलं.

ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना म्हातारे भैरूला जेवण कोण घालणार म्हणून विचारत होते. "मी घालीन, तुम्ही गप पडा!" अनुसूयाक्काने दम भरला. बसवंतांनी पिस्तूल आत सारून होल्स्टरचं बटण लावलं आणि रुमालाने मान पुसली.

हर्ष गेटबाहेर आला. चेहरा पांढराफटक, तरी हसू होतंच. "बरोबर केलं ना, मॅडम?"

"बाही वर कर."

"मॅडम, लोक बघताहेत."

"वर्ग सुटला. बाही वर कर म्हणते ना!"

कोपराखाली दाताचा लांब ओरखडा होता. रक्त जेमतेम आलेलं.

"आई, नुसतं खरचटलंय गं."

"खरचटल्यालाच सुया घ्याव्या लागतात, माहीत नाही तुला? अक्का, साबण आणा! आधी धू तो हात, वाहत्या पाण्याखाली, चांगला चोळून. आणि विचारलंस का कोणाला आत जाताना? फोन नव्हता तुझ्याकडे?"

समोरच्या नळाखाली त्याचं मनगट घट्ट धरून ती मोठमोठ्याने बोलत राहिली, गच्च्यांवरच्या लोकांनाही ऐकू जाईल एवढ्याने.