धाकट्याच्या सहा खोबणी

दुकानात टेबलं दोन आणि खिडकी एकच. खिडकीजवळचं टेबल थोरल्याचं, कारण बंदुका दुरुस्त करायला तो भावाच्या बारा वर्षं आधी बसला होता. पण हल्ली गिऱ्हाईक आत आलं की त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायचं.

"ते खोबणीवाले कुठे बसतात?"

थोरला मान वर न करता कानशीने पलीकडचं टेबल दाखवायचा.

रायफलीचा बोल्ट म्हणजे गोळी आत ढकलून मागून दार लावणारा पोलादी दांडा. थोरला तो असा गुळगुळीत करायचा की त्यात बघून दाढी करावी. धाकट्याने त्याच दांड्यावर मशीनने सहा तिरक्या खोबणी कापायला घेतल्या. वजन घटतं, धूळ खोबणीत पडते, बोल्ट अडत नाही, असं तो सांगायचा.

"वजन! पंचवीस ग्रॅम घटतं, मोजलंय मी," थोरला घरी घास हातात धरून म्हणाला. "नाक शिंकरलं तरी तेवढं कमी होईल. दागिना आहे तो नुसता!"

"अहो, भाऊजींचे बोल्ट निदान ताटाबाहेर ठेवा," बायको म्हणाली. "आणि दागिन्यांशी एवढं वाकडं असेल, तर माझ्या बांगड्यांवर पॉलिश का करून देता?"

शनिवारी नेमबाजीच्या प्रशिक्षकबाई आल्या. त्यांच्या रायफलीला वीस वर्षांत थोरल्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. आल्या त्या थेट त्याच्याच टेबलाशी, आणि म्हणाल्या, "खोबणी पाडून घेऊ म्हणते. पण तुम्ही सांगा. उपयोग आहे की शोभा?"

"शोभा. पटत नसेल तर आत्ता दाखवतो."

दुकानातल्या दोन रिकाम्या रायफली निघाल्या. एकीत साधा बोल्ट, दुसरीत धाकट्याचा. थोरला बारीक वाळू आणायला आतल्या खोलीत गेला, जाताना दोन्ही बोल्टही घेऊन गेला. आपला त्याने फडक्याने कोरडा ठाक पुसला. धाकट्याचा तेलाने माखलेला होता, तो तसाच राहू दिला. तेलाला वाळू कशी चिकटते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

दोन्ही बोल्टांवर वाळू भुरभुरली. साधा बोल्ट कुरकुरत का होईना, रायफलीत गेला. खोबणीवाला निम्म्यातच अडला.

"झालं समाधान?" थोरल्याचा आवाज जरा चढलाच.

धाकट्याने आपला बोल्ट उचलला, त्यावरून अंगठा फिरवला, अंगठा दिव्याखाली धरला. मग भावाकडे पाहिलं. आणि बोल्ट त्याच्यासमोरच्या फडक्यावर ठेवला.

"बरं झालं तुम्हाला विचारलं," बाई पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं म्हणजे मी दुसऱ्याला विचारतच नाही."

त्या दारापर्यंत पोहोचल्या.

"थांबा," थोरला म्हणाला. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. "त्याचा पुसायचा राहिला होता. मीच ठेवला. पुन्हा करू."

या वेळी दोन्ही कोरडे. साधा पुन्हा कुरकुरत गेला. खोबणीवाला सरळ गेला; वाळू खोबणीत बसलेली दिसत होती.

"म्हणजे उपयोग आहे?"

"चिखलाधुळीत, थोडा," थोरला भिंतीकडे बघत म्हणाला. "तुमच्या छपराखालच्या मैदानात शोभाच."

बाई हसल्या. "मग शोभेसाठीच पाडते. तुम्ही इतकं खरं सांगितलंत, आता भीती कसली?" आणि वीस वर्षं त्याच्या हातात येणारा बोल्ट त्यांनी पलीकडच्या टेबलावर ठेवला.

त्या गेल्यावर धाकटा म्हणाला, "दादा, खोबणीची खोली किती घेऊ? हा बोल्ट तुझ्या ओळखीचा."

"तुला येतंय ना सगळं? कर की."

थोरला पाठ करून बसला. कान मात्र मशीनला लागले होते. एक, दोन, तीन... कुठेतरी कटर अडखळेल, म्हणून तो श्वास रोखून होता. सहाव्या खोबणीलाही आवाज तसूभर बदलला नाही.