बाबांनी फोन हातात घेतला

इथे बरेच जण माझ्यासारखे नोकरी शोधून राहिले आहेत, म्हणून लिहितेय.

मुंबईतल्या छोट्या इन्व्हेस्टमेंट बँका सहसा जाहिरात देत नाहीत, ओळखीतून घेतात. चार महिने मी अनोळखी लोकांना मेसेज टाकत होते. आज सकाळी पहिल्यांदा एकाचा फोन आला. आमच्याच कॉलेजचा सीनियर, आता अशाच एका बँकेत असलेला. पंधरा मिनिटं देतो म्हणाला.

नियम मला पाठ होता. नोकरी मागायची नाही, फक्त सल्ला विचारायचा. तुम्हाला तिथे इंटर्नशिप कशी मिळाली, असं मी विचारलं.

"माझे मामा डायरेक्टरना ओळखायचे," तो सहज म्हणाला.

फोन स्पीकरवर होता. बाबा शेजारीच बसले होते. आजोबांनी कोणाकडे तरी शब्द टाकला, म्हणून बाबा वरठीच्या कारखान्यात लागलेले. मामाचं ऐकलं आणि त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"साहेब, पोरीले लावून द्या ना तुमच्या इथं. मेहनती आहे."

पलीकडून, "काका, मी फक्त माहिती द्यायला फोन केला होता." फोन कट. तासाभरात त्याने मला ब्लॉक केलं.

त्याच्या मामांनी तरी दुसरं काय केलं होतं? शब्दच टाकला ना?

ब्लॉकचं बाबांना माहीत नाही, आणि फोन रेंज गेल्यामुळे कटला असं त्यांना वाटतं. ते खुश आहेत. "मी बोललो ना, आता होऊन जाते तुझं."

आत्ता ते साहेबांसाठी घरच्या तांदळाचा कट्टा भरून त्या पोत्याचं तोंड शिवून राहिले आहेत, आणि मला पत्ता मागून राहिले आहेत.

तुम्ही असता तर कोणता पत्ता दिला असता?