चित्रात काय आहे, ते सांगणाऱ्या नलिनीताई

नलिनीताईंची आणि माझी ओळख त्यांच्या एका तक्रारीने झाली. वलवणच्या आपल्या कलासंग्रहालयाचे संकेतस्थळ नव्याने करायचे ठरले होते आणि त्याचा नमुना दाखवायला मी तळेगावहून लॅपटॉप घेऊन आले होते. तोवर मी लोणावळ्यातल्या हॉटेलांची आणि चिक्कीच्या दुकानांची संकेतस्थळे करत असे. तिथे जे खपे तेच मी इथेही केले होते. पान उघडले की मोठमोठी चित्रे आपोआप एकामागून एक सरकत जायची. संग्रहालयाच्या संचालिका नलिनीताई खूश होतील अशी माझी खात्री होती. त्यांनी चष्मा सावरला, जरा पुढे झुकल्या आणि दोन-तीन चित्रे सरकून गेल्यावर म्हणाल्या, “हे थांबवता येईल का हो? मी अजून पहिलंच पाहत होते.”

मी हसले. त्या हसत नव्हत्या. त्यांना खरोखरच ते पहिले चित्र पाहायचे होते.

ताईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेवर आणि त्यांनी जमवलेल्या संग्रहावर अधिकाराने लिहिणारे पुष्कळ आहेत. मी चित्रकलेतली नव्हे. मला लिहायचे आहे ते ताईंनी माझ्याकडून करून घेतलेल्या एका कामाविषयी, आणि त्या कामाच्या दुपारींविषयी, ज्यांची आठवण आजही मला चैन पडू देत नाही.

जुन्या संकेतस्थळाची दशा काय होती, हे मला ताईंनी तोंडी सांगितले नाही. ते मला आपोआपच पाहायला मिळाले. एका सोमवारी आम्ही दोघी कार्यालयात बसलो असताना फाटकाशी एक कुटुंब येऊन उभे राहिले. घोरावाडीहून लोकलने आले होते, बरोबर म्हातारी सासू. सोमवारी संग्रहालय बंद असते. त्यांच्यातल्या सूनबाई ओशाळून म्हणाल्या, “माफ करा, मोबाइलवर बघूनच निघालो हो आम्ही. कुठंच लिहिलं नव्हतं.” लिहिलेले होते, पण एका रंगीत पाटीच्या छायाचित्रात, इतक्या बारीक अक्षरांत की मोबाइलवर ते मुंगीएवढे दिसे. ताईंनी स्वतः किल्ल्या आणल्या, आजींना चाकाची खुर्ची दिली, दालनातले दिवे लावले आणि सगळ्यांना चहा पाजला. ती मंडळी गेल्यावर मला म्हणाल्या, “मृणाल, चूक आपली आणि माफी त्या बाई मागत होत्या. आधी हे नीट करायचं. रंग-बिंग मागाहून.”

मग त्यांनी एक पद्धतच घातली. वेगवेगळ्या लोकांना संग्रहालयात बोलवायचे, त्यांच्याच फोनवर संकेतस्थळ उघडायला सांगायचे आणि आपण गप्प बसून पाहायचे. कुठे अडतात, कुठे कंटाळतात, कुठे “जाऊ दे” म्हणून फोन खाली ठेवतात. मध्ये बोलायची मला सक्त मनाई होती. एखादे आजोबा भलतीच कळ दाबत असले की माझा जीव कासावीस होई. ताई टेबलाखालून माझा हात धरून ठेवत.

अशाच एका दिवशी टाकवे बुद्रुकहून सोपानभाऊ आले. शेतकरी माणूस, मधुमेहाने दोन्ही डोळे गेलेले. तळेगावच्या एका शिबिरात ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा फोन वापरायला शिकले होते. त्यांनी आमच्या संग्रहाचे पान उघडले. फोन बोलू लागला: “चित्र. चित्र. चित्र. चित्र.” भाऊ बोट सरकवत राहिले. शेवटी म्हणाले, “बाई, ह्यो नुसता चित्र-चित्र म्हणतोय. चित्रात हाय काय, त्ये सांगंना.”

ताईंनी विचारले, “भाऊ, तुम्हाला कोणतं चित्र हवं होतं?”

“आमच्या खळ्याचं. एक पेंटर आलता आमच्याकडं, भाताच्या झोडणीच्या दिसांत. चित्र काढून घिऊन गेला. त्ये हितं हाय म्हनत्यात. माजं डोळं गेल्यावर आलं, मला न्हाई बघाया मिळालं. पोरीला इचारलं तर म्हनती, छान हाय. आता छान म्हंजी काय?”

ते चित्र आपल्या पहिल्या दालनात आहे, आपण सर्वांनी पाहिलेले आहे. त्या चित्रापुढे ताई त्या दिवशी बराच वेळ उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवून टाकले होते: संकेतस्थळावर जे जे चित्र जाईल, त्याचे शब्दांत वर्णन त्याच्याबरोबर जाईल. वर्णन नसेल तर चित्रही नाही.

तिथून आमच्या दुपारी सुरू झाल्या. जेवण झाले की मी स्टूल घेऊन दालनात बसायची, ताई चित्रासमोर उभ्या राहून सांगायच्या आणि मी टाइप करायची. आधी काय आहे ते, मग कुठे आहे ते, मग रंग. ‘सुंदर’, ‘मनोहर’ असले शब्द त्या काढून टाकायला लावत. एकदा मी माझ्या मनाने ‘उदास स्त्री’ असे लिहिले. ताई म्हणाल्या, “उदास कशावरून गं? ती खाली पाहते आहे, एवढंच दिसतंय. उदास आहे की नाही, ते ऐकणाऱ्याला ठरवू दे.” मी ते खोडले आणि पुन्हा चित्राकडे पाहिले. ती बाई मला तेव्हा पहिल्यांदा दिसली, असे म्हणायला हरकत नाही.

पण वेळ फार जाऊ लागला. वर्धापनदिन जवळ आला आणि विश्वस्त मंडळाची बैठक झाली. मंडळाला सगळा संग्रह एकदम झळकवायचा होता. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी, ज्यांना ताई वडीलभावासारखे मानत, सरळ विचारले, “चित्रांचं संग्रहालय आहे हे. ज्यांना दिसत नाही, अशी कितीशी माणसं येणार आहेत?”

ताई म्हणाल्या, “टाकव्याहून एक आले होते. दारापर्यंत आले आणि आपण त्यांना आत घेतलं नाही. पुढचा येईल त्याला तरी आत घ्यावं म्हणते.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “सगळा संग्रह लगेच हवा असेल तर ते काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. मी बाजूला होते.”

शेवटी मंडळाने मानले. वर्धापनदिनी फक्त पहिले दालन खुले झाले, पण पूर्णपणे. अक्षरे मोठी करता येत होती, माऊसशिवाय सगळीकडे जाता येत होते, काहीही आपोआप सरकत नव्हते, आणि वेळ, सुट्टी, चाकाच्या खुर्चीची सोय पहिल्याच पानावर साध्या मराठीत होती. ते ज्येष्ठ विश्वस्त समारंभाला आले नाहीत. त्यांच्यासाठी राखलेली खुर्ची ताईंनी शेवटपर्यंत कुणाला दिली नाही. त्यांना ते लागले होते.

त्याच आठवड्यात आम्ही टाकव्याला गेलो. सोपानभाऊ ओट्यावर बसले होते. ताई त्यांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, आता उघडून बघा.” भाऊंनी स्वतःच शोधून खळ्याचे चित्र काढले. फोन वाचू लागला: मध्यभागी शेणाने सारवलेले खळे. डावीकडे भाताच्या पेंढ्यांची उडवी, माणसापेक्षा उंच. मागे डोंगराची निळी रेघ. उजवीकडे एक स्त्री डोक्याच्या वर सूप धरून भाताला वारे देत आहे.

भाऊंनी फोन थांबवला.

“बाई हाय चित्रात?”

“आहे.”

“लुगडं कंचं?”

“हिरवं. पदर कमरेला खोचलाय.”

“आन् तोंड?”

मी ताईंकडे पाहिले. एखादा बरा शब्द सांगितला असता तर कोण तपासायला येणार होते? पण ताई म्हणाल्या, “तोंड दिसत नाही, भाऊ. चित्रकारानं काढलंच नाही. पाठमोरी आहे ती.”

भाऊंनी फोन मांडीवर ठेवला. आत कुणीतरी भांडी घासत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आले.

“पाठमोरी व्हय? मंग पारूच ती. आमच्या लग्नातबी फोटोवाल्याकडं तोंड केलं न्हाई तिनं. लय लाजायची.” आणि जरा वेळाने, “जाऊन बारा वर्सं झाली तिला.”

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून ऐकले. नंतर पुन्हा. निघताना त्यांनी ताईंना पिशवीभर इंद्रायणी तांदूळ दिला. ताई कुणाकडून काही घेत नाहीत, हे आपण जाणता. तो तांदूळ त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि जीपमध्ये लोणावळ्यापर्यंत मांडीवर धरून बसल्या.

पुढे एकेक दालन होत गेले. ताई निवृत्त झाल्या, गुडघ्यांना घाटाची हवा सोसेना म्हणून लेकीकडे कोइमतूरला गेल्या. संग्रहालय नीट चालले आहे. नवी मंडळी हुशार आहेत. तरीही जेवणानंतरच्या वेळी मी वलवणला असले की पाय दालनाकडे वळतात आणि मग मला उगीच वाटते की आपण चुकीच्या घरात आलो आहोत. दर रविवारी त्यांचा फोन येतो. माझ्या मुलीची परीक्षा, शिपाईमामांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, सारे त्यांना ठाऊक असते. मग आवाज जरा खाली आणून त्या विचारतात, “वलवणच्या धरणात पाणी किती आलंय गं?” त्या प्रश्नाचा पाण्याशी संबंध फार थोडा असतो, हे दोघींनाही कळते.

अलीकडे संग्रहालयाला एक नवे चित्र भेट मिळाले आहे. घाटातल्या धुक्याचे. जवळजवळ सगळा कॅनव्हास पांढरा. त्याचे वर्णन काय लिहावे, यावर आमच्यात रोज वाद होतात. ‘काही दिसत नाही’ असे लिहिले तर ते खोटे, आणि काय दिसते ते सांगता येत नाही. मी फोनवर ताईंना विचारले. त्या म्हणाल्या, “पाहिल्याशिवाय मी कशी सांगणार?”

तेव्हा हे चित्र अजून संकेतस्थळावर गेलेले नाही, आणि आम्ही घाईही करणार नाही. ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे त्यांना साथ देवोत. शंभरीच्या समारंभालाही आपण सारे त्यांच्याभोवती असू. पण त्याआधी, ताई, एकदा या. स्टूल मी घेऊन बसते. तुम्ही नुसत्या उभ्या राहा आणि काय दिसते ते सांगा.