तिसगावातला समुद्र

समुद्राला आमच्या शेजारच्या आप्पांइतका घाबरणारा माणूस अख्ख्या कोकणपट्टीत सापडायचा नाही, आणि ते राहतात तिसगावात, जिथे ओढ्याला पाणी आलं तरी लोक बघायला जातात. आप्पांची सारी नोकरी पाणलोटाच्या कामांचे नकाशे काढण्यात गेली. एकुलती लेक कोकणात खाडीकाठच्या गावात दिली आणि तिकडे वादळं वरचेवर येऊ लागली, तेव्हा या निवृत्त गृहस्थांनी वादळाचं पाणी त्या गावात कुठवर चढेल याचा नकाशा करायला घेतला. तोही घरबसल्या, फोनवरून. लेकीच्या गावातल्या ज्याचा नंबर मिळेल त्याला विचारायचे, "मागल्या वादळात तुमच्या किती पायऱ्या बुडाल्या? अन् पायरी केवढी, ईतभर का हातभर?" लोक आधी हसले, मग टेप लावून पायऱ्या मोजून कळवू लागले. बुडेल ते घर निळं, वाचेल ते पांढरं. लेकीचं घर पांढरं होतं, कारण ते किनाऱ्यापासून लांब आणि मध्ये चांगला उंचवटा. नकाशाचा फोटो तिनं स्वयंपाकघरात चिकटवला होता.

बातम्यांत कमी दाबाचा पट्टा म्हटलं की आमचं गाव खूश होतं, चार थेंब पडतील म्हणून. आप्पांना मात्र घास गिळवत नाही. गेल्या उन्हाळ्यात असाच पट्टा आला, तेव्हा खात्री करून घ्यायला त्यांनी परसात मातीचं अख्खं गाव रचलं आणि समुद्राच्या बाजूनं टँकरच्या पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या. त्यांच्या घरातनं काकू कडाडल्या, "प्यायला पानी न्हाई अन् ह्यांनी दारात समिंदर मांडलाय." पाणी उंचवट्याला अडलं, खाडीच्या चरातून वळसा घालून मागं आलं आणि लेकीच्या घरात मागच्या दारानं शिरलं. आप्पा म्हणाले, "जलमभर पानी उतारानं खाली येतानाच बघितलं हो. ते खालनं वर बी चढतं, हे ध्यानातच आलं न्हाई."

लगेच फोन लावला, तर लेक म्हणाली, "आमी कशाला हलू, आप्पा? तुमच्या नकाशात आमचं घर कोरडं हाय. सासरे बी तेच धरून बसलेत." आप्पांनी ब्रश निळ्या रंगात बुडवला, पण हात त्या घरावर टेकेना. ब्रश माझ्यापुढे करून म्हणाले, "तुमी रंगवा. माझ्यानं न्हाई व्हायचं." मी रंगवलं. फोटो गेला, तशी ती माणसं टेकडीवरच्या शाळेत राहायला गेली.

मग दोन दिवस फोन लागेना. आमच्याकडे गार वारं सुटलं, दोन सरी आल्या, गाव आनंदलं. आप्पा नकाशा मांडीवर घेऊन ओट्यावर बसून होते. तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला, तर आप्पांचा पहिला प्रश्न, "किती पायऱ्या?"

"माणसं समदी बरी हायेत. पायऱ्या कसल्या, पानी मागच्या दारानं पार देवघरापातुर आलं. तुमचा नकाशा लई बरोबर निघाला, आप्पा."

आपली रेघ बरोबर निघाली की गल्लीभर सांगत फिरणारा हा माणूस. पण त्या दिवशी ते कुठंच गेले नाहीत. त्या निळ्या चौकोनावरून अंगठा फिरवत राहिले आणि हळूच म्हणाले, "एवढं एक घर तरी चुकायला पायजे हुतं."