शिवण्णाचा जपानी हातबॉम्ब

मंडळी, आपण सगळे लढाईतल्या जुन्या वस्तू गोळा करणारे, म्हणून आजचं तुम्हालाच सांगतो.

दुधनीच्या शिवण्णाला, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढलेल्या एका शिपायाच्या घरून जपानी हातबॉम्ब मिळाला. मी तसाच कधीपासून शोधतोय. बघताच माझा जळफळाट झाला.

अंगावरच्या खाचा, पितळी टोपी, सगळं अस्सल. पण पिन गंजलेली आणि आतली दारू तशीच असावी.

"शिवण्णा, ह्यो जिवंत हाय. पोलिसांना बोलाव."

"लई जळतोयस की तू!" तो हसला.

शेवटी मीच पोलिसांना बोलावलं. त्यांनी बॉम्ब वाळूच्या बादलीत ठेवून नेला. शिवण्णा रडवेला झाला आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

तोच बॉम्ब मला मिळाला असता, तर मी पोलिसांना बोलावलं असतं का? तुम्ही बोलावलं असतं?